सैनिकाच्या घराची खूण कोणती?

चांदवड : डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की तालुक्याच्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून एक छोटा कागदी ध्वज फिरू लागतो. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे त्याचे तीन पट्टे असतात. भूदल, नौदल आणि वायुदल यांची ती प्रतीके. टाचणीने तो खिशावर टोचला जातो, डब्यात नोट पडते, पावती फाटते आणि दुसऱ्या दिवशी ती टाचणी टेबलाच्या खणात जाऊन पडते. मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडसारख्या तालुक्यात सशस्त्र सेना ध्वजदिनाचा हा क्रम वर्षानुवर्षे ठरून गेला आहे.

पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांचा बळी घेणारा हल्ला झाला आणि ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत तिरंगा यात्रा निघाल्या आणि शर्टाच्या खिशावर तिरंग्याची पिन लावणे ही रीत झाली. सैन्याविषयीची ही भावना खरीच आहे. पण या साऱ्या ध्वजांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे राहतो. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज सीमेवर उभी आहे, त्या घराची म्हणून काही खूण आपल्याकडे आहे काय? असल्यास ती त्या घराच्या किती उपयोगी पडते? आणि नसल्यास ती असावी काय?

एका दिवसाचा ध्वज

ध्वजदिनाची कल्पना स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत आकाराला आली. संरक्षणमंत्री सरदार बलदेवसिंग यांच्या काळात नेमलेल्या समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. छोटे ध्वज नागरिकांना द्यावेत, त्यांच्याकडून यथाशक्ती निधी घ्यावा आणि तो युद्धातील आपद्ग्रस्त, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी वापरावा, अशी ही रचना आहे. वेगवेगळे निधी १९९३ मध्ये एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी उभारण्यात आला. केंद्रीय सैनिक मंडळ, राज्याचा पुणे येथील सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अशी त्याची उतरंड आहे. जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिले जाते आणि ते गाठणाऱ्या अधिकाऱ्यांचा गौरवही होतो.

या निधीतून गरजू माजी सैनिकांना मदत, मुलींच्या विवाहासाठी साह्य, मुलांच्या शिक्षणाला हातभार अशी कामे होतात. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, या ध्वजाचे स्वरूप नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. हा ध्वज निधी देणाऱ्याच्या छातीवर लागतो, देणाऱ्याच्या कृतज्ञतेची ती खूण आहे. ज्याच्या नावाने तो दिला जातो त्याच्या आईच्या पदरावर तो लागलाच, तर तीही त्या दिवशी पावती फाडणाऱ्या इतर नागरिकांसारखीच एक नागरिक असते.

घडी घातलेला तिरंगा

कुटुंबाच्या हाती विधिवत दिला जाणारा ध्वज एकच आहे आणि तो मिळावा असे कोणत्याही घराला वाटत नाही. लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार होताना पार्थिवावर तिरंगा पांघरला जातो. २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय ध्वजसंहितेनुसार केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असावा लागतो आणि ध्वज थडग्यात उतरवता किंवा चितेत जाळता येत नाही. अग्नी देण्यापूर्वी तो काढून घेतात, त्याची घडी घालतात आणि वीरपत्नी किंवा वीरमाता-पित्याच्या हाती सोपवतात. जुन्या युद्धांत अनेक घरांना केवळ तार मिळे. १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव गावी पोचवण्याची पद्धत सर्रास झाली आणि हा घडी घातलेला तिरंगा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना परिचित झाला.

नाशिक जिल्ह्याने असे प्रसंग जवळून पाहिले आहेत. नाशिकचे रहिवासी असलेले वायुदलाचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे हेलिकॉप्टर कोसळून मृत्युमुखी पडले. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे सहायक कमांडंट नितीन भालेराव यांना नोव्हेंबर २०२० मध्ये छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यात वीरमरण आले. एक वायुदलाचे, दुसरे निमलष्करी दलाचे. ध्वजसंहिता या दोन दलांत भेद करीत नाही, दोन्ही दलांच्या अंत्यसंस्कारांत तोच तिरंगा पांघरला जातो. मात्र, ७ डिसेंबरच्या ध्वजावरील तीन पट्ट्यांत राखीव पोलीस दलाचा रंग नाही आणि त्या निधीची रचनाही तिन्ही सैन्यदलांपुरतीच आहे. गावाच्या लेखी दोन्ही घरे ‘फौजीचीच’ असतात. शासनाच्या कागदावर ती दोन वेगळ्या रकान्यांत जातात.

मृत सैनिकाची पदके त्याच्या जवळच्या आप्ताने छातीच्या उजव्या बाजूला लावावीत, असा संकेत आहे. स्वतः मिळवलेले पदक डावीकडे, वारशाने आलेले उजवीकडे. एखाद्या मानवंदनेच्या प्रसंगी पांढऱ्या साडीच्या उजव्या खांद्याखाली पदक लावून उभी असलेली स्त्री दिसते, तेव्हा त्या एका बाजूच्या फरकात सारा अर्थ असतो. पण हीच स्त्री संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावली जाते काय, हा प्रश्न तितकाच खरा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता गिरवण्याचे आवाहन सर्व ग्रामपंचायतींना केले. असा ठराव करण्याची गरज भासावी, यातच उत्तर आले. स्वातंत्र्यदिनी व्यासपीठावर शाल-श्रीफळ स्वीकारणाऱ्या वीरपत्नीला वर्षाचे उरलेले दिवस गावाच्या रूढीच आपली खूण लावत असतील, तर छातीवरच्या पदकाचे तेज घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही.

दगडावरची नावे

तिसरी खूण दगडाची. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून किती पुरुष युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती परतले नाहीत, एवढाच मजकूर त्यांवर असे. आकडे असत, नावे बहुधा नसत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातील ४६ जण त्या युद्धात कामी आले. पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हे उपपद जोडले गेले. एका अर्थाने तेथे साऱ्या गावानेच बिल्ला लावला आहे.

अलीकडचा दगड २०२३ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर ‘मेरी माटी मेरा देश’ हे अभियान झाले. गावोगावी शिलाफलक उभारून त्यांवर स्थानिक स्वातंत्र्यसैनिक आणि देशासाठी प्राण दिलेल्यांची नावे कोरावीत, अशी त्यात योजना होती. शंभर वर्षांपूर्वीच्या पाट्यांवरील आकड्यांच्या जागी नावे आली, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. पण येथेही नियम तोच राहिला. नाव कोरले जाण्यासाठी मृत्यू ही पूर्वअट आहे. वीस-बावीस वर्षे सीमेवर काढून सुखरूप परतलेल्या सुभेदाराचे किंवा आज लडाखमध्ये तैनात असलेल्या जवानाचे घर यांपैकी कोणत्याच खुणेत बसत नाही. दिवंगतांसाठी तिरंगा, पदक आणि शिळा. देणगीदारांसाठी कागदी ध्वज. जिवंत सैनिकाच्या घरासाठी मात्र काहीच नाही, असे हे चित्र आहे.

ही पोकळी लोक आपल्या परीने भरून काढतात. घराच्या दारावर पलटणीचे बोधचिन्ह रंगवले जाते, मोटारसायकलवर ‘फौजी’ किंवा ‘आर्मी’ अशी अक्षरे चिकटवली जातात, व्हॉट्सॲपवर गणवेशातील छायाचित्र लावले जाते. यांतील काही गोष्टी कायद्याच्या कक्षेबाहेर जातात. वाहनाच्या क्रमांकाच्या पाटीवर अन्य मजकूर लिहिण्यास नियमांनी मनाई आहे. आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे, या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणे किंवा त्याच्यासारखे चिन्ह बाळगणे हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम १४० खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच कलम १६८ मध्ये आहे. म्हणजे सैनिकाची खूण कोणी वापरू नये, हे कायदा सांगतो. त्याच्या घराने कोणती वापरावी, हे कोणी सांगत नाही.

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हाताळला. १९१७ मध्ये ओहायो राज्यातील कॅप्टन रॉबर्ट क्वीस्नर यांनी एक छोटा ध्वज तयार केला. पांढऱ्या आयतावर तांबडी किनार आणि मधोमध निळे तारे. घरातील जितक्या व्यक्ती सैन्यात, तितके तारे. क्वीस्नर यांचे दोन मुलगे सेवेत होते. सैन्यातील व्यक्ती मरण पावली की निळ्या ताऱ्याच्या जागी सोनेरी तारा येतो. हा ध्वज घराच्या खिडकीत लावतात. तो केवळ जवळच्या कुटुंबीयांनी आणि युद्धाच्या किंवा सशस्त्र संघर्षाच्या काळातच लावावा, अशी कायद्यात तरतूद आहे. त्याच रचनेची कोटावर लावायची पिनही असते. मृत सैनिकांच्या आप्तांसाठी सोनेरी ताऱ्याची वेगळी पिन १९४७ च्या कायद्याने सुरू झाली.

ब्रिटनने पहिल्या महायुद्धानंतर मृत सैनिकांच्या वारसांना ब्राँझची गोल चकती दिली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या अशा १३ लाखांहून अधिक चकत्या तयार झाल्या. हिंदी सैनिकांच्या घरीही त्या आल्या. तिच्यावर मृताचे नाव असे, हुद्दा मुद्दाम गाळलेला असे. मृत्यूनंतर शिपाई आणि सेनापती समान, ही त्यामागची भूमिका. कॅनडाने १९१९ मध्ये माता आणि विधवांसाठी ‘मेमोरियल क्रॉस’ सुरू केला. खुद्द ब्रिटनमध्ये ‘एलिझाबेथ क्रॉस’ हे कुटुंबीयांचे सन्मानचिन्ह २००९ मध्ये आले.

या इतिहासातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, निळा तारा हा जिवंतांसाठी आहे. शेजाऱ्याने तो पाहिला की त्या घरात कोणीतरी वाट पाहत आहे, हे त्याला कळते आणि विचारपूस होते. दुसरा धडा अधिक कडू आहे. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकी सरकारने आपल्या खर्चाने सहा हजारांहून अधिक माता व विधवांना युरोपातील सैनिकी दफनभूमींच्या दर्शनाला नेले. त्यांत कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या तुकड्यांत आणि वेगळ्या जहाजांतून नेण्यात आले. सोनेरी तारा सर्वांच्या छातीवर एकच होता, वागणूक मात्र दोन प्रकारची होती. खूण समान असली म्हणजे सन्मान समान झाला, असे मानण्याचे कारण नाही, हे त्यावरून दिसले. जात, प्रांत आणि पलटण यांच्या भिंती परिचयाच्या असलेल्या भारतीय समाजाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

चांदवडला बिल्ला नवा नाही

या विषयाची चर्चा चांदवडमध्ये व्हावी, याला एक ऐतिहासिक औचित्यही आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन याच गावी भरले. ग्रामीण स्त्रियांचा एवढा मोठा मेळावा महाराष्ट्राने तोपर्यंत क्वचितच पाहिला होता. संघटनेचा लाल बिल्ला लावून खेड्यापाड्यांतून स्त्रिया आल्या होत्या. शेतीत राबणाऱ्या बाईचे शेतीवर नाव का नाही, या प्रश्नाला तेथून धार आली आणि पुढे काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम उभा राहिला. पतीने स्वखुशीने जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम होता. अनेक गावांनी तो अमलात आणला.

लाल बिल्ला आणि लक्ष्मीमुक्ती यांचा हा क्रम सैनिकाच्या घरालाही लागू पडतो. बिल्ल्याने स्त्रीला ओळख दिली, पण तिचे बळ वाढले ते सातबाऱ्यावर नाव चढल्याने. सैनिकाच्या घरात तर हा प्रश्न अधिक तीव्र असतो. घरचा कर्ता वर्षातील बहुतेक महिने बाहेर. जमीन सासऱ्याच्या किंवा पतीच्या नावावर. कांद्याची लागवड, मजुरांची जुळवाजुळव, बाजार समितीत ट्रॅक्टर उभा करून लिलावाची वाट पाहणे, विकास सोसायटीचे कर्ज, अवकाळी पावसानंतरचा पंचनामा, २०२१ पासून सुरू झालेली मोबाइलवरील ई-पीक पाहणी, ही सारी कामे पत्नी किंवा म्हातारे आई-वडील करतात. कागदावर सही मात्र त्याची लागते, जो सियाचीनच्या किंवा अरुणाचलच्या ठाण्यावर असतो. बांधावरून वाद झाला तर समोरचा शेजारी घरात असतो आणि सैनिक पुढच्या सुट्टीची वाट पाहत असतो.

कायद्याला ही अडचण ठाऊक नाही, असे नव्हे. १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) कायदा आजही अस्तित्वात आहे. विशिष्ट परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत दिवाणी आणि महसुली दाव्यांचा निकाल त्याच्याविरुद्ध लागू नये, सुनावणी पुढे ढकलावी, अशी तरतूद त्यात आहे. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ३२ फ मध्ये जमीनमालक अज्ञान किंवा विधवा असल्यास, तसेच कूळ स्वतः सैन्यात सेवेत असल्यास कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर टाकण्यात आला. शेतीवर हजर राहू न शकणाऱ्या माणसाला संरक्षण हवे, हे तत्त्व शासनाने फार पूर्वी मान्य केले आहे. पण समोर उभी असलेली स्त्री सैनिकाची पत्नी आहे, हे तहसील कचेरीतील कारकुनाला कळण्याची व्यवस्था नाही. तिने ते सांगावे, दाखल्याने सिद्ध करावे आणि त्यासाठी सुमारे ६५ किलोमीटरवरील नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वारी करावी, अशी अपेक्षा असते.

खुणेचे धोके

घरावर खूण असावी, या कल्पनेला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप सुरक्षेचा. कोणते घर सैनिकाचे, हे दुरून कळणे सर्वत्र हितावह नसते. काश्मीरमध्ये सुट्टीवर आलेल्या जवानांना घरातून किंवा रस्त्यातून पळवून नेऊन ठार मारल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्रातील खेड्यात तसा धोका नसला, तरी घरात पुरुष नाही हे सांगणारी पाटी चोरालाही वाचता येते. समाजमाध्यमांवर तैनातीची माहिती टाकू नये, असे लष्कर जवानांना बजावत असते. तेव्हा कोणतीही खूण ऐच्छिक असली पाहिजे आणि तिच्यावर पलटण किंवा ठिकाण असता कामा नये.

दुसरा आक्षेप राजकीय वापराचा. सन्मानचिन्ह वाटपाचा कार्यक्रम झाला की व्यासपीठ, फलक आणि छायाचित्रे आलीच. चिन्हापेक्षा ते देणाऱ्याचा चेहरा मोठा दिसू लागला, तर हेतू तेथेच संपतो. तिसरा आक्षेप समतेचा. गडचिरोलीत गस्त घालणारा पोलीस, सुकम्यातील राखीव दलाचा जवान यांची घरेही वाट पाहतात. त्यांना वगळून केलेली खूण नवी भिंत उभी करील.

चौथा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रतीके स्वस्त असतात, म्हणूनच ती लवकर दिली जातात. पेन्शनची थकबाकी, दवाखान्याची सोय, पत्नीचा रोजगार यांना पैसा आणि वेळ लागतो. प्रतीक देऊन मूळ देणे विसरण्याची सवय शासनाला आणि समाजालाही आहे. या आक्षेपाला उत्तर एकच. खूण अशी असावी की तिच्यामागे देणे बांधलेले असेल.

तसे उदाहरण राज्यात आहे. घरपट्टी व मालमत्ता करातून सूट पूर्वी शौर्यपदकधारक आणि शहिदांच्या कुटुंबीयांपुरती होती. २०२० मध्ये राज्य शासनाने ती सर्व माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली. ग्रामपंचायतीच्या कर नोंदवहीत त्या घरापुढे सवलतीचा शेरा पडतो. तो शेरा कोणाच्या छातीवर दिसत नाही, त्याचा समारंभही होत नाही. पण दरवर्षी कर आकारणीच्या वेळी ग्रामपंचायतीला त्या घराची आठवण ठेवावीच लागते. सन्मानाची ही खरीखुरी खूण म्हणावी लागेल. तिचीही मर्यादा अशी की, ती सेवा संपल्यावर किंवा माणूस गेल्यावर मिळते. सेवेत असलेल्या जवानाच्या घरासाठी अशी नोंद नाही.

अग्निवीराचे घर

या चर्चेला निकड आली आहे ती अग्निपथ योजनेमुळे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत तरुण चार वर्षांसाठी सैन्यात दाखल होतात. त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात, उरलेले सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी परततात. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या प्रारंभी संपते. योजनेच्या मूळ अटींनुसार बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. त्या दर्जाशी जोडलेली कोणतीही सवलत त्यामुळे त्याच्या घराला आपोआप मिळत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या पार्थिवावरही तोच तिरंगा होता. कर्तव्यावर मृत्यू आल्यास अग्निवीराच्या वारसांना ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान मिळण्याची तरतूद आहे, मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. बर्फ दोघांना सारखाच असतो आणि ध्वजाची घडीही सारखीच. फरक पडतो तो घडी घातलेला तिरंगा पेटीत ठेवून झाल्यावर, पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत.

जो चार वर्षांनी सुखरूप परत येईल, त्याचे काय? गाव त्याला फौजीच म्हणेल. त्याची आई शेजारणीला अभिमानाने सांगेल. परंतु ग्रामपंचायतीच्या नोंदीत तो कोणत्या रकान्यात जाईल, ध्वजदिनाच्या निधीवर त्याचा हक्क किती, हे प्रश्न नाशिकसारख्या जिल्ह्याला टाळता येणार नाहीत. नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि देवळालीचे तोफखाना विद्यालय यांमुळे या जिल्ह्याचे सैन्याशी नाते रोजचे आहे आणि भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले जवळपास प्रत्येक गावात दिसतात.

काय करता येईल?

नव्या ध्वजासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. पहिली पायरी गावातच घालता येते. ग्रामपंचायतीने सेवारत जवानांच्या घरांची एक नोंदवही ठेवावी. तिच्यात भूदल, नौदल, वायुदल, निमलष्करी दले, पोलीस आणि अग्निवीर या सर्वांची घरे असावीत. नोंद कुटुंबाच्या संमतीने व्हावी आणि ज्या व्यक्तीच्या हाती घराचा कारभार आहे तिचे, म्हणजे पत्नीचे, आईचे किंवा वडिलांचे नाव त्या नोंदीत असावे. वही भिंतीवर टांगण्यासाठी नसावी. ती ग्रामपंचायत आणि तहसील कचेरीपुरती असावी. म्हणजे सुरक्षेचा आक्षेप बऱ्याच अंशी दूर होतो.

दुसरी पायरी या नोंदीला काम जोडण्याची. गाव ज्यांना अजूनही तलाठी म्हणते त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने वारसनोंद, मोजणी, पंचनामा अशा कामांत या घरांची प्रकरणे वेगळी काढून मुदतीत निकाली काढावीत. १९२५ च्या कायद्याचा लाभ कसा मागावा, मुखत्यारपत्र कसे करावे, याची माहिती कुटुंबाला द्यावी. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दिवस ठरावीक अंतराने तालुक्याच्या ठिकाणी व्हावा, म्हणजे चांदवडच्या टोकाच्या गावातील म्हातारीला दाखल्यासाठी नाशिक गाठावे लागणार नाही.

तिसरी पायरी पिनेची. कुटुंबासाठी एक छोटे चिन्ह असायला हरकत नाही. ते सैनिकाच्या चिन्हांहून वेगळे असावे, सर्व दलांना आणि सर्व हुद्द्यांना एकच असावे, त्यावर कोणाही पुढाऱ्याचे नाव नसावे. ते लावणाऱ्या स्त्रीला तहसीलच्या खिडकीशी स्वतःची कहाणी पुन्हा सांगावी लागू नये, एवढे जरी त्याने साधले तरी पुरे. आणि त्या चिन्हाचा मान पतीच्या हयातीशी बांधलेला नसावा. पत्नी म्हणून मिळालेले चिन्ह विधवा झाल्यावरही तिच्या पदरावर राहावे आणि हळदीकुंकवाच्या दिवशीही ते तिथे असावे.

महाराष्ट्रात आता मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिले जाते. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत ते बंधनकारक झाले आहे. चांदवडच्या १९८६ च्या मेळाव्याने विचारलेल्या प्रश्नाचा तो एक उशिरा आलेला भाग आहे. सैनिकाच्या घराबाबत तोच प्रश्न शिल्लक आहे. ७ डिसेंबरचा कागदी ध्वज गोळा करायचा तो निधी गोळा करीत राहीलच. त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी, २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरते. सेवारत जवानांच्या घरांची नोंदवही ठेवण्याचा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही. ज्या ग्रामपंचायतींनी २०२३ मध्ये दिवंगतांची नावे शिळेवर कोरली, त्यांना जिवंतांची नावे वहीत लिहिणे जड जाऊ नये.